म्हैस ग्रंथालयाच्या दारात

गडमुडशिंगी

आदरणीय आक्काताई आत्या,

सप्रेम जयभीम.

"पुस्तकं राखाय एवढं शिकाय लागतंय व्हय गं?" असं तुम्ही मला नोकरी लागली त्या दिवशी विचारलं होतंत. त्या प्रश्नाचं उत्तर मला अजून येत नाही, हे सुरुवातीलाच कबूल करते. परीक्षेत आला असता तर पुढचा प्रश्न घेतला असता. पण तुम्ही प्रश्न विचारलात आणि वर एक पितळी कुलूप हातात ठेवलंत, त्यामुळे तो रोज डोळ्यांसमोर लोंबकळतो.

तुमचा गुडघा कसा आहे? तेल लावता ना? आईची तब्येत बरी आहे. दादा, म्हणजे तुमचे बंधुराज, मात्र अजूनही लोकांना "पोरगी शाळंत हाय" एवढंच सांगतात. कुणी "मास्तरीण का?" म्हटलं की मान हलवतात. (ग्रंथपाल म्हणजे काय हे समजावेपर्यंत एसटी निघून जाते, असं त्यांचं म्हणणं. घरातल्या पहिल्या पदवीची ही गत!)

तर आमचं ग्रंथालय. मी आले तेव्हा सगळी पुस्तकं काचेच्या कपाटांत बंद होती. आजवर एकही पुस्तक हरवलं नाही, हा हेडसरांचा मोठा अभिमान. हरवणार कसं, कुणी हातच लावला नव्हता. तुमचं कुलूप पाहून तर ते इतके खूश झाले की सर्वांत मोठ्या कपाटाला त्यांनी ते स्वतः लावलं. ग्रंथालयाच्या तासाला पोरं हाताची घडी घालून बसायची, आणि वर्गशिक्षक तेवढ्यात पेपर तपासून घ्यायचे.

सातवीच्या वर्गशिक्षिका आणि विज्ञान शिकवणाऱ्या सलमा मॅडमनी पहिल्याच आठवड्यात मला ऐकवलं, "संयोगिता, तुझं कपाट म्हंजे मिठाईचं दुकान झालंय बघ. पोरांनी काचंला नाक लावायचं आन् घरला जायचं." मला राग आला. मी म्हटलं, "आणि तुम्ही पोरांना इथं सोडून जाता, ते?" त्याही चिडल्या. मग चहा आला. (कोल्हापूरकडची भांडणं चहापर्यंतच टिकतात.) चहा संपला तेव्हा आम्ही दोघी एकाच कागदावर सातवीचा पाठ आखत होतो.

ठरलं असं की प्रत्येक मुलानं घरातून एक प्रश्न आणायचा, ज्याचं उत्तर घरात कुणालाच येत नाही. तो नीट कसा मांडायचा हे मॅडम शिकवणार, पुस्तकात कसा शोधायचा हे मी. कपाट उघडं राहणार. तुमचं कुलूप तेव्हापासून कडीला उघडंच अडकवलेलं आहे.

आत्या, काय प्रश्न आले म्हणून सांगू! मेहकच्या आजीनं विचारलं, "माझा चष्मा कुठं हाय?" गुंडूनं आणलं, "आमचा बा चिडल्यावर कुणाचं ऐकतोय?" (हा विज्ञानात घालायचा की इतिहासात, यावर आमच्या दोघींचा एक अख्खा तास गेला.) पण बाकीची पोरं खरोखर शोधायला लागली. मधल्या सुट्टीत कपाटाभोवती गर्दी झाली. मी दारात उभी राहून नुसती बघत होते. एवढा अभिमान मला पदवी घेतानाही वाटला नव्हता.

मग शिवानीनं तिच्या आजीचा, म्हणजे शालूबाईंचा प्रश्न आणला: म्हैस दूध काढताना लाथ का मारते? आम्ही पोरीला म्हटलं, आजीला जरा सविस्तर विचारून ये. दुसऱ्या दिवशी शालूबाई म्हैसच घेऊन आल्या, थेट ग्रंथालयाच्या दारात.

"अहो, इथं कशाला आणली?" मी ओरडले.

"दवाखान्यात न्यायची तर जनावर न्याय लागतंय की! हितंबी तसंच आसंल म्हटलं."

सलमा मॅडमनी क्षणभर विचार केला आणि अख्खी सातवी व्हरांड्यात आणली. मी पशुपालनाचं पुस्तक काढलं. मेहक मोठ्यानं वाचू लागली, गुंडू लांबून म्हशीकडं बघून ओळ ओळ ताडून पाहू लागला. सडाला, म्हणजे आचळाला, चीर असेल तर दुखतं, म्हणून जनावर लाथ मारतं, डॉक्टरांना दाखवावं, असं त्यात होतं. चीर होतीच. मॅडमनी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला.

तेवढ्यात हेडसर आले. म्हशीनं नेमका तोच मुहूर्त साधून व्हरांड्यात जे करायचं ते केलं.

"हे ग्रंथालय हाय का गोठा?"

मी काही बोलायच्या आत शालूबाईच म्हणाल्या, "सर, गोठ्यात उत्तर घावलं न्हाय, म्हणून तर हितं आलो!"

त्या गडबडीत ते पुस्तक शालूबाईंच्या पिशवीत गेलं. आता हेडसरांनी सांगितलंय की शनिवारी पालकांसमोर मोजणी होईल. एक जरी पुस्तक कमी भरलं तरी कपाटाला कायमचं कुलूप लागेल आणि ग्रंथालयाचा तास गणिताला जाईल. मॅडम म्हणाल्या, "तास गेला तर दोघींचा जाईल, तू एकटी रडू नकोस." असं माणूस सोबत असलं की भीती निम्मी होते.

म्हैस आता शांत दूध देते. बाकी सर्व क्षेम. गुडघ्याला जपा.

तुमची भाची,
संयोगिता

ता. क. खरं काम लिहायचं राहिलंच. शालूबाईंनी ते पुस्तक नेसरीला दिलेल्या लेकीकडं पाठवलं. ती तुमच्या शेजारची रूपाली. रूपाली सांगते की पुस्तक तिच्याकडं नाही, तुमच्याकडं आहे. तुम्ही रोज ओट्यावर बसून ते वाचता आणि गल्लीतल्या सगळ्यांच्या म्हशींवर भाषण देता. आत्या, रागावत नाही. पण शनिवारी ते घेऊन तुम्ही स्वतः या. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही; हेडसरांनी विचारलं तर तुम्हीच द्या.

ता. क. दुसरा. हेडसरांचा निर्णय शनिवारी होईल, माझा झाला. तुमचं कुलूप कपाटावरून काढलं आणि आज शाळा सुटल्यावर शालूबाईंच्या गोठ्याला लावून आले. किल्ली त्यांच्याकडेच ठेवली आहे.