निळ्या औषधाचा फॉर्म

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

चि. चिमे,
अनेक आशीर्वाद.

मी बरा आहे. खोकला आहे, पण तो आता घरचाच झालाय. न्हाव्याच्या दुकानाची पाटी रंगवायचं काम आलंय. मालकाला पाटी लहान हवी आणि अक्षरं मोठी. म्हटलं, "साहेब, पाटी रबराची नाही." माझ्यासारख्या म्हाताऱ्या पेंटरला अजून कुणी बोलावतं हेच नवल. जावईबापूंची कंबर कशी आहे?

तू फोनवर आईच्या कागदांचा विषय काढलास की माझा गॅसवरचा चहा उतू जातो, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. कागद हरवलेले नाहीत. कपाटात चादरींखाली आहेत. फोनवर जीभ रेटत नाही, म्हणून लिहितोय.

तापातून उठल्यावर तुझ्या आईच्या अंगात त्राणच राहिलं नव्हतं. भाजी चिरता चिरता सुरी ठेवून भिंतीला टेकायची. चार महिने असे गेले. मग समोरच्या नर्सबाईंनी त्या उपचार केंद्राचा पत्ता दिला. तिथली डॉक्टरीण तुला वाटते तशी लबाड नाही. तिने सरळ सांगितलं, "हे निळं औषध म्हणजे मुळात कापडाचा जुना रंग आहे, औषध म्हणूनही वापरतात. पेशींमध्ये शक्ती तयार होते, त्या कामाला याने मदत होते असं आम्ही मानतो. सगळ्यांना गुण येतोच असं नाही." तुझी आई म्हणाली, "जन्मभर यांच्या शर्टावरचे रंग धुतले, आता पोटातही रंगच!" डॉक्टरीण खूप हसली.

मग तिने फॉर्म दिला. माझं अक्षर चांगलं, म्हणून मीच भरला.

चिमे, आईच्या त्या पित्ताच्या गोळ्या पित्ताच्या नव्हत्या. मनाच्या होत्या. तुझं लग्न ठरत होतं तेव्हा सुरू झाल्या. ती दिवसदिवस रडायची, आंघोळीलाही उठायची नाही. तुझ्या सासरी कळलं तर, या भीतीने मी पित्ताचं नाव पुढे केलं आणि अकरा वर्षं तेच चालवलं. तिला लाज नव्हती. लाज मला होती.

डॉक्टरणीने तोंडीही विचारलं, "मनासाठी, झोपेसाठी काही चालू आहे का? त्यातल्या काही गोळ्या याच्याबरोबर अजिबात चालत नाहीत." तुझी आई बोलायला लागली होती. मी टेबलाखाली तिचा गुडघा दाबला. ती गप्प झाली. 'सध्या चालू असलेली औषधे' या रकान्यात मी 'नाही' असं सुबक अक्षरात लिहिलं.

माझा हिशेब असा, की घरी जाऊन गोळ्या बंद करू म्हणजे झालं. तिने तीन दिवस बंद केल्या. चौथ्या दिवशी म्हणाली, "अहो, डोकं गरगरतंय, जीव घाबरतोय. मला गोळी हवी." मी म्हणालो, "अर्धी घे." जसा काही मीच डॉक्टर.

निळं औषध सुरू झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे हात थरथरायला लागले. अंग तापलं, घामाने गाऊन भिजला, पाय लाकडासारखे ताठ झाले. मला ओळखेना. मामाला बोलावून इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न हाच केला, "काही गोळ्या चालू होत्या?" मामा शेजारी उभा होता. मी म्हणालो, "नाही."

हे तुला कुणीही सांगितलेलं नाही, कारण मामालाही पुढचं माहीत नाही. तो चहा प्यायला खाली गेला तेव्हा मी डॉक्टरांना लिफ्टपाशी गाठलं आणि खरं सांगितलं. ते पळत आत गेले. त्यांनी सगळं वेळेसकट लिहून ठेवलंय. 'नाही' साडेबाराला, 'हो' पावणेतीनला. तोच कागद तू मागते आहेस. संध्याकाळी सहाला ती गेली. त्या 'नाही' आणि 'हो'च्या मधल्या सव्वादोन तासांत मी बाकावर बसून होतो. मूग गिळून, मुली. आधी सांगितलं असतं तर वाचली असती का, हे मी अजून कुणाला विचारलेलं नाही. विचारायची छाती नाही.

तुझ्या तक्रारीमुळे त्या डॉक्टरणीचं केंद्र दोन महिने बंद आहे. गेल्या आठवड्यात ती घरी आली होती. पार वाळून गेलीय. म्हणाली, "मी आणखी खोदून विचारायला हवं होतं." आणि मी मान डोलावली. त्या घटकेला मला माझी किळस आली.

सोबत फॉर्मची आणि इस्पितळाच्या कागदाची नक्कल आहे. २४ तारखेच्या चौकशीला मी जाणार आहे आणि हे सगळं सांगणार आहे. तू ये किंवा येऊ नकोस. मामाला मी उद्या सांगतो.

तक्रार मागे घे असं म्हणायचा मला अधिकार नाही, ते तुझं तू ठरव. पण अर्जात शेवटी तू लिहिलं आहेस, 'माझ्या वडिलांनी आईला वाचवण्यासाठी शक्य ते सगळं केलं.' तेवढं वाक्य खोड.

तुझ्या आईचा नवरा,
बाबा