शेवटचं प्यादं

कुंभारी, २ फेब्रुवारी २०२५

ती. अक्कास सिद्धारामचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही, म्हणून कागदच बरा. सोलापूरच्या बुद्धिबळ स्पर्धेत नाव घातलं आणि फसलो. पहिल्याच फेरीत इफ्रा नावाच्या पोरीशी गाठ. ती राज्यातर्फे खेळून आलेली, मी तुझ्याकडून ओट्यावर शिकलेला. नाव काढून घेतो म्हणतो.

पण तू पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन का टाळतेस? आता थांबणं जिवावर बेतेल असं डॉक्टर म्हणाले, हे तुझी लेक शिवलीला रडत सांगत होती. या धाकट्या भावावर, तुझ्या तम्मावर, लोभ असेल तर ऐक.

तुझा सिद्धाराम

मंद्रूप, ५ फेब्रुवारी

चि. तम्मास अ. उ. आ.

मला शहाणपण शिकवतोस आणि एका पोरीला भितोस व्हय? तू शेवटच्या चालीपर्यंत बसलास, तर मी ऑपरेशनला तयार. मधेच उठलास, तर पुन्हा विषय काढायचा न्हाय. लहानपणी माझ्या सगळ्या सोंगट्या मारून राजा एकटा पाडायचास. मग बुर्जी झाली, डाव अर्धाच, म्हणून मी नाचायची आणि तू रडत पळायचास की! जेवून जा.

तुझी अक्का

कुंभारी, ९ फेब्रुवारी

ती. अक्कास सा. न. वि. वि.

बसलो गं! घाईत घड्याळ दाबताना घोडाच आडवा केला. इफ्रानं दोन प्यादी खाल्ली. हात मिळवून उठावं वाटलं, पण तुझी पित्ताची पिशवी आठवली आणि खाली बसलो. मग पोरीनं मला हलक्यात घेतलं. न बघता वजीर माझ्या उंटाच्या वाटेत ठेवला. मी तीनदा बघितलं, आणि मारला.

शेवटी तिचा राजा कोपऱ्यात आणि एकच प्यादं, तेही माझ्या हत्तीपुढं फुकट. भोवती गर्दी. हत्तीकडं हात नेला; लागला असता तर तोच हलवावा लागला असता. तेवढ्यात तू कानात बुर्जी म्हणून ओरडलीस! हात मागं घेतला, राजा एक घर सरकवला. तिला प्यादं ढकलावंच लागलं. पुढच्या चालीला मात.

पोरगी भली. हा फास कसा ओळखलात म्हणून विचारलं. प्यादं मारलं असतं तर तिच्या राजाला शह नाही, हलायला घर नाही, म्हणजे डाव बरोबरीत. आणि स्पर्धेत बुर्जी नसतेच म्हणे! मला काय ठाऊक? अक्काची भीती, एवढंच सांगितलं. दुसऱ्या फेरीत सपाटून हरलो, ते सोड.

आता चाल तुझी. माया आहे ती राहू दे.

तुझा सिद्धाराम

मंद्रूप, १२ फेब्रुवारी

चि. तम्मास अ. उ. आ.

तू पळशील या भरवशावर बोलले होते रे. लई घात केलास. सोमवारी गाडी घेऊन ये. साडीत पट गुंडाळून ठेवलाय.

भीती वाटती. आत नेईपर्यंत हात धरून बस. मधेच उठू नकोस.

तुझी अक्का