सईच्या हातचा घास

११ जून
पुण्याहून परत. सईच्या रक्तात प्रतिपिंडं निघाली. ज्या निरुपद्रवी विषाणूच्या पाठीवर नवं जनुक घालून तिला देणार, त्याच्याच विरुद्ध. शरीर त्याला दारातूनच हाकलणार.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "प्रमाण अगदी काठावर आहे. कधीकधी उतरतं. सप्टेंबरात परत पाहू. तोवर सर्दी-पडसं सांभाळा."
लागण कुठून?
"सांगता येत नाही. कुणाहीकडून."
घरात बारा महिने नाक वाहणारा एकच. ओम.

१२ जून
आत्याला पुन्हा समजावलं. (सासू, पण आधी माझी सख्खी आत्या. नात्यातलं लग्न, दोन्ही लेकरांत दोष तिथूनच उतरला. हे तिला कधी बोलले नाही.) पेशीतला केर काढणारं विकर (एन्झाइम) दोघांतही नाही. ओम नऊ वर्षांचा, बोलणं गेलं, चालणं सुटत आलंय. सई तीनची, तिचं अजून काही गेलेलं नाही. मेंदूत शिरू शकेल असं बदललेलं विकर तिच्या शरीरानेच तयार करावं, अशी ही नव्या उपचाराची चाचणी. ओमला उशीर झाला.
"मंग तिला कर्जतला धाड," सं. म्हणाला. माझा नवरा, स्वतःच्या लेकीबद्दल, टीव्हीकडे बघत.
ओम वर्षभर फक्त सईच्या हातून जेवतो. एक घास त्याला, एक तिला, एका ताटात. ही सवय मीच लावली. फोटो काढले, सगळ्यांना पाठवले. अकरावीला विषाणू शिकवते मी.

१५ जून
सई माझ्या आईकडे, कर्जतला. आत्या पाठमोरी बसून राहिली. "माझ्याच माहेरी धाडती, म्हनून काय बोलू? पन एकाला उपाशी ठिवायचं आन् एकीला जगवायचं, हे कुठं शिकलीस गं?"
ओमने दुपारी भात थुंकला. रात्रीही.

२४ जून
ओमला जेवणासाठी नाकातून नळी घालावी लागेल म्हणतात. सं. : "एक दिवस आणू का तिला?" मी नको म्हटलं. फार पटकन म्हटलं.
वर्गात निम्मी मुलं खोकतात आणि मी तशीच घरी येऊन सईला उचलून घ्यायची. मला कुणी कर्जतला धाडलं नाही.

३ जुलै
पुण्याला, कागदांसाठी. प्रयोगशाळेतल्या मुलीने पडद्यावर पेशी दाखवल्या. ओमच्याच, गेल्या वर्षी दंडाच्या कातडीतून घेतलेल्या. एका बाजूला केराने गच्च. दुसरीकडे बदललेलं विकर दिलेल्या, स्वच्छ.
"बघा ना मॅडम, किती छान झाल्यात!"
मी छान म्हणाले. खरंच छान होत्या.
घरी आले तर तो नळी ओढू नये म्हणून आत्याने त्याचे हात ओढणीने बांधलेले.

१९ जुलै
व्हिडिओ कॉल. सई : "दादा जेवला?" मी हो म्हटलं. तिने तिकडून पोळीचा तुकडा मोबाईलसमोर धरला. ओमने तोंड उघडलं. मी घाईने घास घातला. माझी बोटं लागली, तसा थुंकला.
सई म्हणाली, "आई, तुला येत नाही."

८ ऑगस्ट
सईला ताप. सर्दीही. आई फोनवर रडत होती, "आमी कुटं न्हेली न्हाई गं तिला." म्हणजे हे सगळं...
लिहवत नाही.

२ सप्टेंबर
ओमने घास घेतला. माझ्या हातून. मऊ भात, मग आणखी.
आत्याने देवापुढे साखर ठेवली. "बघ, लागली सवय!"
संध्याकाळी मुद्दाम सईचा कॉल लावला. ती दादा, दादा ओरडत राहिली. तो पंख्याकडे बघत होता. सई थांबली आणि म्हणाली, "आवाज जात नाहीये."
मी म्हटलं, हो, रेंज नाही.

१२ सप्टेंबर
पुण्यात सईचं रक्त दिलं. निकाल पुढच्या आठवड्यात. प्रतिपिंडं उतरली तर उपचारासाठी तिला जपायचं, नाही तर पुन्हा वाट बघत जपायचं; निकाल कसाही आला तरी ओमच्या ताटात ती तशी कधी परत येणार नाही, हे सं.ला अजून सांगितलेलं नाही.
नर्सने बिस्किट दिलं. सईने अर्धं मोडलं, मुठीत धरलं. "दादाचं."
तिला परस्पर कर्जतला सोडलं. ओमच्या सर्दीमुळेच ना? की तो तिला ओळखणार नाही म्हणून? स्वतःला विचारलं, ठरेना.
तुकडा पर्समध्ये आहे, चुरा झालाय. दुधात कालवून दिला तर ओम खाईल. माझ्या हातून खाईल.
अजून दिलेला नाही.