शेजारची रेघ

प्रिय आई,

डोंगरावरच्या झोपडीत सुखरूप पोहोचले. चूल पेटली आहे, मोजे वाळताहेत, तू बांधून दिलेलं तपकिरी चीज फस्त केलं. काळजी करू नकोस.

वाटेत ताजा बर्फ होता, चिटपाखरूही दिसलं नाही. आधीच येऊन बसलेले म्हातारे ओडवारकाका दारातून म्हणाले, "अगं, सोबत्याला बाहेर कशाला गारठवतेस? आत बोलाव."

"मी एकटीच आलेय, काका."

त्यांनी माझ्या मागच्या बर्फाकडे बोट दाखवलं. माझ्या स्कीच्या खुणांना लागून आणखी एका स्कीजोडीच्या खुणा दारापर्यंत आल्या होत्या. डावी रेघ बाहेर फाकलेली, आपल्या धाकट्या सीवर्टची पडते तशी. दाराशी मात्र माणूस नव्हता.

काकांनी तिसरा कप मांडला.

सीवर्ट घरीच आहे ना गं? त्याला दोन ओळी लिहायला सांग. त्याच्याच हाताने.

तुझ्या पत्राची वाट पाहणारी,
टुरिड