सातव्या खणातल्या दगडाचं लेबल

मी, खाली सही करणारा, वय शहात्तर, अविवाहित, संग्रहालयाचा निवृत्त संग्रहपाल, हे मृत्युपत्र स्वतःच्या बुद्धीने, स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी कालच दिला. त्यांना ते एका भेटीत कळलं. माझ्या थोरल्या भावाला हयातभर कळलं नाही.

१. राहतं घर व बँकेतील शिल्लक माझ्या पुतणीस. "काका, जेवलात का?" असा फोन करणारी ती एकटीच.

२. छत्री वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांस. बारा वर्षं त्यांच्या कुंड्यांचं पाणी माझ्या डोक्यावर पडलं.

३. सूक्ष्मदर्शक, सुया व भंगुरताऱ्यांचे माझे एकोणीस खण संग्रहालयास. पुतणीच्या माहितीसाठी: भंगुरतारा म्हणजे तारामाशाचा सडपातळ चुलतभाऊ. मधे बटणाएवढी तबकडी, भोवती सापासारखे वळणारे पाच हात. धरायला जावं, तर हात तोडून देऊन निसटतो. जिवंत जाती दोन हजारांवर. जीवाश्मांत मात्र बहुधा हातांचे सुटे तुकडेच मिळतात, आणि त्यांच्या बाजूच्या पट्ट्यांवरून कूळ ठरवावं लागतं.

४. सातव्या खणातला दगड. यात अख्खा तारा आहे. सुट्टीच्या दिवशी खाणीत तो मला व माझ्या सहकाऱ्याला सापडला. सहकाऱ्याला सगळे भिंगोबा म्हणत. एकवीस वर्षं आम्ही एकाच टेबलाशी समोरासमोर बसलो, एका डब्यात जेवलो.

ताऱ्याच्या हातांवर काटे दिसेनात, म्हणून मी नवं कूळ जाहीर करायला निघालो. भिंगोबा म्हणाला, "काटे झडलेत. बाजूच्या पट्ट्या साफ कर, काट्यांच्या खोबणी सापडतील. हा जुन्याच कुळातला."

संग्रहालयाच्या सभागृहात, भरसभेत मी म्हणालो, "काटे नाही, तुझी नजर झडली आहे."

लोक पोट धरून हसले. त्याची दृष्टी तेव्हा खरंच जात होती, आणि हे त्याने फक्त मला सांगितलं होतं. महिन्याभरात त्याने नोकरी सोडली.

नऊ वर्षांनी मी त्या पट्ट्या सुईने साफ केल्या. खोबणी होत्या. प्रत्येक पट्टीवर सहा. मी खणाला कुलूप लावलं आणि मूग गिळून बसलो.

तरी नव्या कुळाचं माझं लेबल काढून तिथे भिंगोबाचं निदान लावावं. सोबतची कबुली त्याच सभागृहात मोठ्याने वाचावी.

पुतणी विचारेल, "ते हयात आहेत ना, काका? मग जाऊन सांगत का नाही?"

गेलो होतो, गेल्या महिन्यात. दार त्यानेच उघडलं. नजर माझ्या खांद्यापलीकडे.

"कोण आहे? बोला ना."

"घर चुकलं," एवढंच बोललो आणि जिना उतरू लागलो.

तो बराच वेळ दारातच उभा असावा. मग वरून आवाज आला, "खालची पायरी तुटली आहे. सांभाळून जा रे."

अनोळखी माणसाला कोणी 'रे' म्हणत नाही. मी कठडा धरून थांबलो. वर गेलो नाही.

यापूर्वी काही लिहून ठेवलं असल्यास ते रद्द समजावं.

साक्षीदार (आमच्या समक्ष सही झाली):
१. तळमजल्यावरचे घड्याळदुरुस्तीवाले (सही)
२. औषधांच्या दुकानातल्या बाई (सही)

लिहून ठेवणार: संग्रहपाल, निवृत्त (सही)
स्थळ: राहतं घर, दुसरा मजला
दिनांक: १४ मार्च २०१७