मौन पाळू नका

बीडीडी चाळ, वरळी
सोमवार, ३ फेब्रुवारी १९५८

प्रिय कांता,

दिवाळीआधी तू मला म्हणालीस, एकदा मनाच्या डॉक्टरला दाखव. तुझ्या शाळेच्या दारात, चार बायांसमोर मी तुला विचारलं, मला ठाण्याच्या वेड्यांच्या इस्पितळात पाठवतेस का? बाया हसल्या, तू हसली नाहीस. विरोधकाला गप्प करावं तसं मी तुला गप्प केलं. आज कबूल करते, तुझं बरोबर होतं.

काळाचौकीची सभा आठव. पाऊण तास मी धडाडून बोलले, आणि शेवटी ‘चला माझ्याबरोबर’ म्हणायला तोंड उघडलं तर आवाजच नाही. मी नुसती उभी. पुढच्या रांगेतल्या धोंडूमामांनी टोपी काढली, ते उभे राहिले, आणि बघता बघता सगळं मैदान उभं राहिलं. लोकांना वाटलं, बाई हुतात्म्यांसाठी मौन पाळते आहे. त्यानंतर तीन सभांत हेच झालं, नेमकं त्याच शब्दांशी. आता आमंत्रण द्यायला येणारेच सांगतात, ताई, शेवटी ते मौन ठेवा हं. माझं दुखणं पत्रिकेत छापायचं तेवढं राहिलंय.

त्या मौनात मी रघूला बघत असते. आमच्या खालच्या मजल्यावरचा, कापडगिरणीत साचे चालवणारा रघू. त्याला मोर्च्याला यायचं नव्हतं, बायकोचे दिवस भरत आले होते. गिरणीच्या दारात स्टुलावर उभी राहून मी त्याच्याकडेच बघत म्हटलं, घरात बसेल त्याने बांगड्या भराव्यात. स्वतःच्या हातातल्या बांगड्या वाजवत म्हटलं. मग म्हणाले, चला माझ्याबरोबर. तो हसत आला. फ्लोरा फाउंटनला तो माझ्या डाव्या हाताला होता. गोळी लागून तो गेला हे साऱ्या चाळीला ठाऊक आहे. तो का आला, हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे.

घशाच्या डॉक्टरांनी दिवा धरून पाहिलं, घसा ठणठणीत. त्यांनीच परळच्या इस्पितळातल्या मनाच्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी दिली. चार महिने ती ट्रंकेत आहे. शेजारची रखमा म्हणाली, लिंबू उतरवा. आईने तिला सुनावलं, दीक्षा घेतली तेव्हाच देवरुषी नि लिंबू सोडले आम्ही. पण चिठ्ठी पाहून तीच आई म्हणाली, लपवून ठेव बाई. आणि आपले चिटणीस अप्पा म्हणतात, आधी राज्य मिळू दे, मग तुझं बघू. वेडी बाई व्यासपीठावर चढवली म्हणून चळवळीचं हसं होईल. मी विचारलं, पाय मोडला असता तर राज्य येईपर्यंत लंगडत ठेवलं असतं का मला? ते म्हणाले, पाय दिसतो.

मग हेही दिसू दे. ज्यांना माझा आवाज हवा आहे, त्यांनी तो का जातो तेही ऐकावं. राज्य येईल तेव्हा येईल. ते यायच्या आत मी बरी व्हायला लागणार, आणि त्यासाठी कुणाची परवानगी मागणार नाही.

ते डॉक्टर फक्त गुरुवारी संध्याकाळी बसतात. त्याच वेळी लालबागला सभा आहे, आणि अप्पांनी न विचारता फळ्यावर माझं नाव लिहून टाकलंय. मी परळला जाणार. लालबागला माझ्या जागी तू बोल. व्यासपीठावर कधी चढली नाहीस, पण माझी निम्मी भाषणं तूच दुरुस्त केली आहेस. लोक विचारतील, मालनताई कुठे? ताप आलाय असं सांगू नकोस. मनाच्या डॉक्टरकडे गेली आहे, असं स्वच्छ सांग. कुणी टोपी काढून उभं राहिलं तर खाली बसव. बांगड्यांचं मात्र बोलू नकोस. रघूची बायको बायकांत पुढेच बसलेली असेल, आणि तिला ते भर सभेत ऐकावं लागू नये. उद्या सकाळी मी तिच्या दारात जाऊन सांगणार आहे.

तुझं ऐकायला उशीर केलेली, तुझीच
मालन