अल्बम, वाफेसकट

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा गाणे व वाजवणे, राहणार लॉन्ड्रीच्या मागच्या दोन खोल्यांत, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. त्यांच्या दवाखान्यात ताटकळणाऱ्या रोग्यांना दिवसभर माझाच अल्बम ऐकवतात, त्यामुळे दाखला लिहिताना ते जरा घुटमळले, पण दिला.

१. लॉन्ड्रीचा गाळा आणि मागच्या दोन्ही खोल्या चिरंजीवांना मिळाव्यात. लॉन्ड्री चालवण्याची अट नाही, कारण चिरंजीवांना स्वतःच्या शर्टाची घडी घालता येत नाही. गाळा कोणालाही भाड्याने द्यावा, फक्त शेजारच्या केशकर्तनवाल्याला देऊ नये. त्याच्या मोरीचे पाणी वर्षानुवर्षे आमच्या भिंतीत मुरते आहे आणि तो अजून ‘बघतो’ म्हणतो आहे.

२. माझी हार्प आपल्या गल्लीच्या टोकाच्या शाळेला द्यावी. तिच्या दोन तारा पहिल्यापासून तुटक्या आहेत. अल्बमवर मधूनमधून जी ‘अर्थगर्भ शांतता’ ऐकू येते, ती हीच. बासऱ्या ज्याला वाजवता येतील त्याने न्याव्यात. मला वाजवता येतात असे फक्त समीक्षकांचे म्हणणे आहे. पाणी भरून वाजवायचे काचेचे पेले धुऊन स्वयंपाकघरात ठेवावेत, ते तिथलेच आहेत.

३. अल्बमच्या मुखपृष्ठावर मी जो शुभ्र, तरंगता झगा घातला आहे, तो झगा नसून गिऱ्हाईकाने न्यायचा राहिलेला पडदा आहे. पावती अजून पिनेने लावलेली आहे. मालक आला तर त्याला देऊन टाकावा आणि उशिराबद्दल माझ्या वतीने काहीही बोलू नये.

४. आता अल्बम. ‘अंतराळाच्या उंबऱ्यावर’ हे नाव कंपनीने ठेवले. मी गाण्यांना नुसते नंबर दिले होते. मागे छापले आहे, ‘सर्व आवाज, सर्व वाद्ये: एकटीने.’ त्याखाली मी ‘इस्त्री: नवरा’ अशी ओळ लिहून पाठवली होती, ती कंपनीच्या बाईंनी खोडली. एकटी बाई खपते, म्हणाल्या, नवरा असलेली खपत नाही.

खुलासा करणे भाग आहे. मी मागच्या खोलीत गात असे आणि फळीच्या भिंतीपलीकडे नवरा वाफेच्या यंत्रावर कपडे दाबत असे. पायाने पट्टी दाबली की यंत्र वाफ सोडते आणि तिचा आवाज भिंत आडवी असूनही माझ्या मायक्रोफोनमध्ये येतो. मी म्हणत होते यंत्र बंद ठेव, तो म्हणत होता गिऱ्हाइकांना काय उघडं पाठवू? आठवडाभर आमच्यात यंत्राखेरीज दुसरे काही बोलत नव्हते. मग एका सकाळी तो फळीशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “तू कुठे श्वास घेतेस ते मला कळायला लागलंय. मी तेव्हाच दाबतो.”

आणि त्याने तसेच केले. या प्रकारच्या संगीतात एकाच ओळीवर स्वतःचेच आवाज पुन्हा पुन्हा चढवतात. मी तीच ओळ कितीही वेळा गायले तरी प्रत्येक वेळी त्याची वाफ माझ्या श्वासाच्या जागीच आली. त्या माणसाला ‘सा’ कुठे असतो ते माहीत नव्हते, पण मी कुठे दमते ते तोंडपाठ होते. श्रोते त्या आवाजाला ‘विश्वाचा श्वास’ म्हणतात. तो ऐकून कोणाला पूर्वजन्म दिसला, कोणाची अर्धशिशी थांबली. एका बाईंनी कळवले की तिथे त्यांना प्रत्यक्ष प्रकाश स्पर्श करून गेला. बाई, तो कोणाच्या तरी पँटच्या इस्त्रीचा आवाज होता.

नवरा जाऊन बरीच वर्षे झाली. यंत्र भंगारात गेले. नवऱ्याचा बोलण्याचा आवाज कुठेही टिपून ठेवलेला नाही, कारण टिपण्याचे यंत्र घरात होते तेव्हा त्याच्यासमोर मीच बसलेली असे. मला त्याची फार आठवण येते. हे वाक्य मृत्युपत्रात बसत नाही असे वकील म्हणाले. बसवले.

५. गेल्या महिन्यात चिरंजीव कंपनीच्या सांगण्यावरून नवी, ‘शुद्ध’ प्रत घेऊन आले. खरखर, घरघर, वाफ, सगळे पुसून काढलेले. ही बाजारात आली की जुनी मागे घ्यायची असा कंपनीचा बेत आहे आणि माझ्या सहीवाचून त्यांचे अडले आहे. जेवणाच्या टेबलावर चिरंजीवांनी ती मोठ्या कौतुकाने लावली. वाईट हेतू नव्हता, त्यांना खरोखर वाटले की आई खूश होईल. आवाज स्वच्छ होता. मी जिथे श्वास घेत होते तिथे आता काहीच नव्हते, रिकामे. मला संताप आला.

त्या वेळी टेबलाशी माझी नणंदही होती. नवऱ्याची ही धाकटी बहीण वरच्या मजल्यावर राहते आणि माझ्या अल्बमला पहिल्या दिवसापासून ‘वहिनीचं रडगाणं’ म्हणते. माझा आवाज लागला की ती खिडकी लावून घेत असे आणि खिडकी लावल्याचे मला कळेल अशी काळजीही घेत असे. तिने घास हातात धरून थोडे ऐकले आणि चिरंजीवांना विचारले, “यात दादा कुठे गेला रे?”

चिरंजीवांना प्रश्न कळला नाही. मी तिला कधी काही सांगितले नव्हते. बंद खिडकीमागे बसून ती इतकी वर्षे काय ऐकत होती, ते मला त्या टेबलाशी समजले.

६. सबब, अल्बमचे सर्व हक्क, मूळ टेप आणि कंपनीला ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार मी माझ्या नणंदेला देत आहे. हा अधिकार वापरायला तिला शिकवावे लागणार नाही.

सहीपूर्वी जोडलेला मजकूर: नणंदबाई साक्षीदार म्हणून सही करायला चष्मा लावून, पेन उघडून बसल्या होत्या. ज्याला काही मिळते त्याने साक्ष करू नये, असे वकिलांनी सांगितले तेव्हा त्यांना कलम सहा समजले. “मला काय करायचंय तुझं रडगाणं?” असे त्या म्हणाल्या. मग पेनाला टोपण लावले, बराच वेळ ते काढत-घालत राहिल्या, आणि वकिलांना विचारले, “पण ज्यात दादा आहे तेच ना?” वकिलांनी माझ्याकडे पाहिले. तेच, असे मी सांगितले, आणि ते इथे लिहून घ्यायला लावले.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो बरोबर आहे.

सही: लिहून ठेवणारी
साक्षीदार १: डॉक्टर, दवाखानेवाले
साक्षीदार २: समोरचे शिंपीकाका
ठिकाण: लॉन्ड्रीची मागची खोली
दिनांक: वकिलांच्या शिक्क्यावर आहे तो